आश्रयाला जाब विचारणाऱ्या पंडिता रमाबाई

दरवर्षी ज्येष्ठात संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या एका रात्रीपुरते जुने गाव आणि उद्योगनगरी यांच्यातील अंतर मिटते. दिंडीतून चालत आलेल्या वृद्ध वारकऱ्यांना पाणी द्यायला, जेवू घालायला, त्यांचे पाय चेपायला घराघरांतून माणसे पुढे होतात. म्हातारपणाचा असा मान राखण्याची या मातीची रीत जुनी आहे.

उरलेल्या वर्षाचे चित्र मात्र वेगळे असते. १९६० आणि १९७० च्या दशकांत कारखान्यांच्या भोंग्याबरोबर या पट्ट्यात स्थिरावलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या भूखंडांवर तिने हौसेने घरे बांधली. त्यातील अनेक घरांत आज दोनच माणसे उरली आहेत, काही घरांत एकच. मुले दुसऱ्या शहरात किंवा परदेशात. आजारपणात सोबतीला पगारी बाई किंवा ब्यूरोने पाठवलेला माणूस, आणि तेही जमेनासे झाले की वृद्धाश्रम. यात दोष कोणाचा, हा वाद कधी संपणारा नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. म्हातारे, आजारी, बोलता न येणारे माणूस ज्याच्या हाती सोपवले, तो त्याच्याशी बंद दाराआड कसा वागतो, हे कोणी पाहायचे?

हा प्रश्न महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने निर्भयपणे विचारला होता. पंडिता रमाबाई हे नाव स्त्रीशिक्षणाच्या आणि धर्मांतराच्या संदर्भात नेहमी घेतले जाते. परंतु आश्रयाच्या नावाखाली चालणाऱ्या छळाची आणि हेळसांडीची त्यांनी केलेली उघड वाच्यता, आणि त्याला उत्तर म्हणून उभे केलेले काम, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. या कामाचे मूळ त्यांच्या स्वतःच्या आईवडिलांच्या मृत्यूत होते.

रानातले मरण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न शास्त्री. आपल्याहून वयाने खूप लहान असलेल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. या धाडसामुळे समाजाचा रोष पत्करून त्यांनी रानात आश्रम थाटला. विद्यार्थी, यात्रेकरू, अतिथी यांच्यासाठी तेथे अन्नछत्रच चाले. या आतिथ्यात होते नव्हते ते संपले आणि कर्ज झाले. रमाबाई जेमतेम सहा महिन्यांच्या असताना कुटुंब घराबाहेर पडले. वेताच्या टोपलीत घालून या मुलीचा प्रवास सुरू झाला तो पुढे सोळा वर्षे थांबला नाही. तीर्थामागून तीर्थे पालथी घालायची, देवळात पुराण सांगायचे, जे मिळेल त्यावर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता. थोरला भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णाबाई आणि रमा यांचे शिक्षण या वाटेवरच झाले. आईने तोंडी पढवलेल्या संस्कृत ग्रंथांवर रमेचे प्रभुत्व याच काळात आले.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे पैसे संपले, भांडी विकली गेली, दागिने गेले. अंगमेहनतीची कामे करण्याची या शास्त्र्याच्या कुटुंबाला सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. अखेर रानात झाडपाला खाऊन आणि पाणी पिऊन दिवस काढण्याची वेळ आली. अनंतशास्त्री तोपर्यंत वृद्ध आणि दृष्टी गेल्यासारखे झाले होते. आपला भार मुलांवर नको म्हणून त्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. शेवटच्या निरोपाच्या वेळी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेतले, तो प्रसंग रमाबाईंनी पुढे आयुष्यभर जपला. त्या क्षणी श्रीनिवासाने वडिलांना थांबवले. पंडिताच्या मुलाने मोलमजुरी करायची नाही हा कुळाचा अभिमान सोडून देऊन आपण काम करू, सर्वांना पोसू, असे त्याने सांगितले. वडिलांनी विचार बदलला, पण शरीर खचले होते. थोड्याच दिवसांत त्यांचा अंत झाला. मृत्यूपूर्वी त्यांनी संन्यास घेतला होता, त्यामुळे देहाला भूमी द्यायची होती. खांदा द्यायला कोणी आले नाही. श्रीनिवासाने वडिलांचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि दोन मैल एकट्याने वाहून नेला.

काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई अंथरुणाला खिळल्या. तापात त्या अन्न मागू लागल्या. रमा शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागायला गेली, पण दारात उभे राहिल्यावर शब्द फुटेना, नुसते डोळे वाहू लागले. त्या घरच्या बाईने काय ते ओळखले आणि भाकरी दिली. ती घेऊन रमा परतली तेव्हा आईला घास गिळण्याचीही शक्ती उरली नव्हती. आईच्या अंत्ययात्रेलाही माणसे मिळाली नाहीत. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. ती उंचीने लहान असल्याने तिरडीचे टोक तिने डोक्यावर घेतले. स्मशान तीन मैलांवर होते. पुढे कॉलऱ्याने कृष्णाबाईही गेल्या.

आयुष्यभर शेकडो यात्रेकरूंना जेवू घालणारा माणूस म्हातारपणी उपाशी मरतो आणि धर्मशाळा, देवळे, तीर्थक्षेत्रे यांनी भरलेल्या मुलखात त्याला निवारा मिळत नाही, हे रमाबाईंनी सोळाव्या वर्षी पाहिले. आश्रय देण्याचे पुण्य मोठे मानणाऱ्या समाजात आश्रयाची खात्री कोणालाच नसते, हा त्यांच्या आयुष्याचा पहिला धडा ठरला.

पंडिता

यानंतर भाऊ-बहिणीने देशभर पायपीट केली. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांच्या तरुणीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वान चकित झाले. त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये श्रीनिवासाचाही मृत्यू झाला आणि त्या जगात एकट्या उरल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात, प्रांत, भाषा या तिन्हींच्या पलीकडचा हा विवाह त्या काळी खळबळजनक ठरला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबिहारी कॉलऱ्याने वारले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. स्त्री-शिक्षिकांबरोबरच स्त्री-डॉक्टर हव्यात, असा आग्रह त्यांनी तेथे धरला. लाजेपायी दुखणे न सांगता मरणाऱ्या स्त्रियांची संख्या त्यांना ठाऊक होती. रुग्णाला ज्याच्यासमोर बोलता येईल असा शुश्रूषा करणारा मिळाला तरच उपचाराला अर्थ राहतो, ही गोष्ट आज वृद्धांच्या सेवेबाबतही तितकीच खरी आहे.

पाहिलेल्या संस्था

वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्याने तो मार्ग बंद झाला आणि हे अधुपण पुढे वाढतच गेले. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रातील त्यांचे अनेक चाहते यामुळे कायमचे दुरावले. चर्चच्या अधिकाऱ्यांशीही त्यांचे पुष्कळ वाद झाले. कोणत्याही सत्तेपुढे मान न तुकवण्याचा स्वभाव धर्मांतरानंतरही तसाच राहिला.

या काळात भगिनीसंघाने चालवलेले लंडनजवळच्या फुलहॅम येथील आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे राहत होत्या. त्यांना कोठेही तुच्छतेने वागवले जात नव्हते, याचे रमाबाईंना आश्चर्य वाटले. निवारा देणे आणि माणूस म्हणून वागवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी नसेल तर पहिली व्यर्थ आहे, हे त्यांना तेथे उमगले.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. १८८७ मध्ये हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. विधवांसाठी घर काढायचे, तर पैसा हवा होता. त्यासाठी त्यांनी गावोगावी व्याख्याने दिली आणि १८८७ च्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या मुक्कामात शाळा, बालोद्याने, दानधर्माच्या संस्था यांची त्यांनी बारकाईने पाहणी केली. परत आल्यावर १८८९ मध्ये लिहिलेल्या अमेरिकेच्या लोकस्थितीवरील मराठी पुस्तकात या पाहणीचे सविस्तर वर्णन आहे. दुर्बलांची काळजी ही कोणा एका दात्याच्या मर्जीची बाब नाही, ती समाजाने नियम करून, हिशेब ठेवून चालवायची व्यवस्था आहे, हा विचार त्यातून मराठी वाचकांपुढे आला.

शारदासदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. १८९० च्या नोव्हेंबरात ते पुण्याला हलवण्यात आले. केशवपन झालेल्या, घरात कोपऱ्यात बसवलेल्या विधवा मुली तेथे केस वाढवून, पुस्तक हातात घेऊन मोकळेपणाने वावरू लागल्या. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या कार्यात त्या बाया कर्वे म्हणून आयुष्यभर राबल्या.

सदनाच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मान्यवरांचे सल्लागार मंडळ होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा सदनात धर्मप्रसार चालतो असा आरोप झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या मंडळाचा प्रतिनिधी पुण्यात येऊन चौकशी करून गेला. रमाबाईंच्या बाजूने आणि विरुद्ध आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. निराधार मुलींवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा प्रभाव किती पडावा, हा टीकाकारांचा प्रश्न गैर नव्हता. मात्र त्या वादातही एक गोष्ट दिसते. सदन कसे चालते हे बाहेरच्यांना विचारता येत होते आणि रमाबाईंना त्याचे उत्तर द्यावे लागत होते. त्या काळच्या किती मठांना, अन्नछत्रांना किंवा सरकारी आश्रयस्थानांना असा जाब विचारला जात होता?

बंद दारांमागचे

शारदासदनाच्या वादळानंतर रमाबाईंनी वृंदावनाला भेट दिली. भिक्षेकरी यात्रेकरूचा वेश करून त्या तेथील विधवांमध्ये मिसळल्या. घरच्यांनी देवाच्या पायाशी म्हणून आणून सोडलेल्या स्त्रिया मूठभर शिध्यासाठी दिवसभर भजन करताना त्यांनी पाहिल्या. तरुणींचा उपभोग घेतला जाई आणि वय झाले की त्यांना रस्त्यावर काढले जाई. तीर्थक्षेत्र हा अनेक कुटुंबांसाठी नको असलेले माणूस टाकून देण्याचा प्रतिष्ठित मार्ग होता. त्यांनी पाहिलेले हे वास्तव पुरते इतिहासजमा झाले असेही नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला वृंदावनातील निराधार विधवांच्या स्थितीत लक्ष घालावे लागले. त्यात मृत्यूनंतर त्यांच्या देहांची होणारी विटंबना हाही एक विषय होता.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या बातम्यांनी रमाबाईंना आपले रानातले दिवस आठवले आणि त्या तडक तिकडे निघाल्या. सरकारने दुष्काळग्रस्तांसाठी गरीबखाने आणि कामाच्या छावण्या उघडल्या होत्या. कागदावर ही सोय चोख होती. प्रत्यक्षात रमाबाईंना वेगळेच दिसले. घाणीत पडलेली आजारी आणि अशक्त माणसे, निकस अन्न आणि असहाय स्त्रियांचा गैरफायदा घेणारे देखरेखीवरचेच लोक. भुकेपासून वाचण्यासाठी आत आलेली स्त्री रक्षकाच्या तावडीत सापडत होती. रमाबाईंनी हे सारे लिहून प्रसिद्ध केले. नुसते लिहून त्या थांबल्या नाहीत. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना त्यांनी सोबत आणले.

याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. घरांच्या झडत्या, माणसांना जबरदस्तीने रुग्णालयात आणि विलगीकरण छावणीत नेणे, याने शहर हवालदिल झाले होते. आकुर्डीलगतच्या चिंचवडचे चापेकर बंधू या जुलमाने पेटून उठले आणि २२ जून १८९७ रोजी त्यांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या घटनेच्या एक महिना आधी रमाबाईंनी वेगळ्या मार्गाने आवाज उठवला होता. शारदासदनातील एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात नेले गेले आणि तिच्या वाट्याला आलेल्या प्रकाराने त्या संतापल्या. तेथे स्त्री-रुग्णांच्या संरक्षणाची धड व्यवस्था नाही, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून जगजाहीर केले. त्याचे पडसाद इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये उमटले. मुंबई सरकारने आरोप फेटाळले.

या प्रसंगाचे महत्त्व वेगळे आहे. रमाबाई सरकारच्या शत्रू नव्हत्या. त्यांचे शिक्षण, त्यांचा धर्म, त्यांचे देणगीदार यांमुळे गप्प बसणे त्यांच्या सोयीचे होते. रुग्णालय सरकारचे आहे, हेतू चांगला आहे, संकट मोठे आहे, म्हणून आतल्या माणसाची हेळसांड खपवून घ्यावी, हे त्यांना मान्य नव्हते. ज्याच्या ताब्यात असहाय माणूस आहे, त्याच्यावरच अधिक बारीक नजर हवी, हे सूत्र त्यांनी आपल्यांना आणि परक्यांना, पुजाऱ्यांना आणि साहेबांना सारखेच लावले.

मुक्ती आणि प्रीती सदन

प्लेगच्या दिवसांत पुण्यातील सदनात इतक्या माणसांना ठेवण्यास मनाई झाली. दौंडच्या वाटेवर केडगाव येथे सदनाच्या उत्पन्नासाठी म्हणून सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतलेली होती. दुष्काळातून आणलेल्या स्त्रिया आणि मुली तेथे तंबूंत आणि झोपड्यांत राहू लागल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाची रीतसर प्रतिष्ठापना झाली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी लोंढा आला आणि केडगावची वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती आणि गोठा उभा राहिला, हातमाग, तेलघाणा, छापखाना सुरू झाला. यातील बहुतेक कामे स्त्रियाच करत.

केडगावची विशेष गोष्ट म्हणजे तेथे नुसत्या शिकवण्याजोग्या, कामाला येणाऱ्या मुलीच घेतल्या जात नव्हत्या. दृष्टिहीन स्त्रिया, बुद्धीने अधू असलेल्या मुली, फसवल्या गेलेल्या स्त्रिया, आणि ज्यांना कोणीच दारात उभे करणार नाही अशा म्हाताऱ्या, यांनाही तेथे जागा होती. वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रीती सदन होते, फसवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन होते. दृष्टिहीनांना ब्रेल शिकवण्याची सोय होती.

संस्थेच्या हिशेबाने पाहिले तर म्हातारी स्त्री हा नुसता खर्च असतो. ती शिकून शिक्षिका होणार नाही, तिच्या यशाची गोष्ट अहवालात छापता येणार नाही. देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने अशा स्त्रियांसाठी वेगळे घर राखावे, यात रमाबाईंच्या पोरवयातील त्या दोन मृत्यूंची आठवण असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. मोठ्या मुलींवर लहानग्यांची आणि नवागतांची देखभाल सोपवण्याची रीत होती. काळजी घेणे हे हलके काम मानले जात नसे, तो तेथील शिक्षणाचाच भाग होता.

केडगाव हे उघडपणे ख्रिस्ती केंद्र होते. १९०५ मधील धार्मिक जागृतीनंतर तर ते जगभरच्या ख्रिस्ती समाजात प्रसिद्धीस आले. त्यामुळे पुण्यातील सुधारकांचा आणि रमाबाईंचा संबंध क्षीण होत गेला आणि महाराष्ट्राच्या स्मरणातूनही त्या बऱ्याच काळ दूर राहिल्या. शेवटची अनेक वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांच्या आधारे बायबलचा मराठी अनुवाद करण्यात घालवली. साध्या बायकांना कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. तोपर्यंत शरीर थकले होते, ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. संस्थेची धुरा मनोरमेच्या खांद्यावर होती. तीच पुढे सर्व सांभाळणार असे सारे धरून चालले असता २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमेचे निधन झाले. वडील, आई, बहीण, भाऊ, पती यांच्यामागोमाग मुलगीही गेली. रमाबाई अनुवादाची मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांची प्राणज्योत मालवली. रक्ताचे कोणी उरले नसताना शेवटच्या दिवसांत त्यांची काळजी त्यांनीच वाढवलेल्या स्त्रियांनी घेतली. त्यांच्या आईला मरताना मिळाले नव्हते ते त्यांना मिळाले.

आजचा प्रश्न

केडगावची संस्था आजही सुरू आहे. रमाबाईंनी उपस्थित केलेला प्रश्नही सुरू आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि २००९ पासून महाराष्ट्रात लागू झाला. ज्याच्यावर ज्येष्ठाची जबाबदारी आहे त्याने त्याला टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. मुलांकडून चरितार्थ मिळवण्यासाठी उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरणे आहेत, काळजी घेण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची तरतूद आहे. मदतीसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

हा कायदा प्रामुख्याने मुलांच्या कर्तव्याविषयी बोलतो. पैसे घेऊन सांभाळणाऱ्या आश्रमाच्या किंवा घरी माणूस पाठवणाऱ्या संस्थेच्या वर्तनाविषयी तो पुरेसे बोलत नाही. अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच त्या लोकसभेची मुदत संपली. जागतिक आरोग्य संघटनेच्या संकलनानुसार, वृद्धांच्या संस्थांमधील दर तिघांपैकी दोघा कर्मचाऱ्यांनी वर्षभरात आपल्या हातून काही ना काही गैरवर्तन घडल्याची कबुली दिली आहे. त्यातील सर्वजण दुष्ट असतील असे नाही. अपुरी माणसे, तुटपुंजा पगार, प्रशिक्षणाचा अभाव आणि कोणी विचारणारे नसणे, यांतून साधा माणूसही ओरडू लागतो, औषध चुकवतो, हाक आली तरी उठत नाही, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलायचे टाळतो.

याला उपाय नाहीत असे नाही. न कळवता, वेगवेगळ्या वेळी जाऊन भेटणे. अंगावरच्या जखमा, घटते वजन, अचानक आलेले मौन याकडे लक्ष देणे. वृद्धाशी एकट्याने बोलणे आणि त्याच्या तक्रारीला म्हातारपणाचा भ्रम न म्हणणे. पैशाचे व्यवहार सांभाळणाऱ्याच्या हाती न देणे. सेवा करणाऱ्या बाईचे नाव-गाव जाणून तिलाही सुटी आणि मान देणे. शहरातील ज्येष्ठ नागरिक संघांनी, सोसायट्यांनी आणि महापालिकेने मनावर घेतले तर यातले बरेच काही नव्या कायद्याची वाट न पाहता होण्यासारखे आहे.

भाकरीच्या तुकड्यासाठी शेजारच्या दारात उभ्या राहिलेल्या रमेला शब्द फुटले नव्हते. त्या घरच्या बाईने न मागता ओळखले म्हणून निदान तुकडा तरी मिळाला. मोठेपणी तीच मुलगी ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी पुजाऱ्यांशी, सरकारशी आणि स्वकीयांशी बोलत राहिली. आकुर्डीच्या मंदिरात पालखी दुसऱ्या दिवशी पुढे निघते आणि रस्ते पुन्हा कारखान्यांच्या बसगाड्यांनी भरून जातात. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसून पालखीला हात जोडणारी आजी मात्र तेथेच असते. तिच्या दारावर आठवड्यातून एकदा कोणी थाप मारते का, एवढे पाहिले तरी रमाबाईंच्या कामाचा एक लहानसा भाग पुढे चालू राहील.